बाजू मी दाखवली होती

आमच्या घरात पोटाच्या आतलं सगळ्यात जास्त मला ठाऊक होतं, आणि चूक मीच केली. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. आता राहू दे.

सासर निपाणीपासून दोन कोसांवर. घरची तंबाखूची शेती. गावच्या जत्रेला दारात बकरं पडायचं. कापणं पुरुषांचं, आतडी धुणं बायकांचं. थोरली सून म्हणून ते काम लग्नाच्या पहिल्या सालापासून माझ्याकडं आलं. ओढ्याच्या कडेला परात घेऊन बसायचं, पदर खोचायचा आणि एकेक सुटं करायचं. पित्ताची हिरवी पिशवी काळजाला, म्हणजे कलेजीला, चिकटलेली असते. ती नखानं हळू सोडवायची, फुटली तर सगळं काळीज कडू. गुरदे पाठीच्या कण्याला चरबीत लपलेले असतात. जांभळी, चपटी पानथरी पोटातल्या मोठ्या कोठ्याला चिकटून असते. आतडी पोटात नुसती भरलेली असतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ती एका पातळ पडद्याला शिवल्यासारखी असतात. तो पडदा पाठीच्या कण्यापासून पंख्यासारखा पसरतो आणि त्यातून रक्ताच्या शिरा येतात, कमानीला कमान जोडत, शेवटी आतड्याच्या कडेला बारीक दोऱ्यांसारख्या. पाण्यात धरला की तो पडदा उन्हात चमकतो. मला तो बघायला आवडायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

शाळेत मी चौथीपर्यंत गेले. घटप्रभा कुठं उगवते, मलप्रभा कुठं मिळते, जिल्ह्यात तालुके किती, सगळं घडाघडा म्हणून दाखवायचे. आपल्या स्वतःच्या पोटात काय कुठं आहे याचा एक शब्द कुणी शिकवला नाही. मास्तरांना विचारलं असतं तर छडी मिळाली असती. ह्याचा मला आज राग येतो. नद्या माझ्या काय कामाला आल्या?

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. धाकटी जाऊ घरात येऊन वर्ष झालं होतं. ती नंदगडकडची, सतरा-अठरा वर्षांची, तोंडाची फटकळ आणि हसरी. धाकटे दीर लोंढ्याला रेल्वेत कामाला होते, राहायला खोली मिळेपर्यंत तिला आमच्याकडं ठेवलं होतं. मी कमी बोलते म्हणून ती मला चिडवायची.

"आक्का, तुझ्या तोंडात दात हाईत का गं? एकदा दाखव की. मला सपनात तू बोळकी दिसतीस."

मी हसायचे. पदराआड. ती म्हणायची, "बघा, हसली तरी दारं-खिडक्या बंद करून."

त्या दिवशी आम्ही दोघी अंगणात तंबाखूची पानं उलटत होतो. ती मध्येच उकिडवी बसली आणि बेंबीपाशी हात दाबून धरला. थोड्या वेळानं ओकली. सासूबाईंनी लांबूनच निकाल दिला, "बेंबी सरकली. काल पाण्याची घागर एका हातानं उचललीस न्हवं?"

आमच्याकडं बेंबी सरकली की ती बसवतात. गल्लीतल्या एका म्हातारीचं ते काम. ती आली. कणकेच्या गोळ्यात वात रोवून तिनं तो जावेच्या बेंबीवर ठेवला, वात पेटवली आणि वर तांब्या पालथा घातला. आत वात विझली की तांब्या पोटाचं मांस आत ओढून धरतो. जाऊ ओरडायला लागली.

"आक्का, काढ गं तो तांब्या. आत काय तरी तुटतंय."

"लई नाजूक बाई," म्हातारी म्हणाली. "आमी लेकरं जल्माला घालून दुसऱ्या दिशी वाफ्यात गेलो. हिला तांब्या सोसंना."

मग तिनं तेल लावून पोट चोळलं. जोर लावून, गुडघ्यावर उभी राहून, कणीक तिंबावी तसं. मी बाजूला तेलाची वाटी धरून उभी होते. ज्या पडद्याला मी ओढ्यात दोन बोटांनी धरायचे, तसाच पडदा तिच्या आत असणार आणि ही बाई त्यावर मूठ फिरवते आहे, हे मला दिसत होतं. मी वाटी धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेंबीपाशी दुखायचं थांबलं होतं. दुखणं खाली उतरून एका बाजूला येऊन बसलं होतं. अंगात ताप. तिला त्या बाजूचा पाय सरळ करता येत नव्हता. गुडघा पोटाशी घेऊन पडली होती. तेव्हा सासऱ्यांनी निपाणीहून डॉक्टर बोलावला. हे त्यांनी केलं, ते मी नाकारत नाही. टांग्याचं भाडं दिलं, डॉक्टरांना पाटावर बसवलं, पानाचं तबक पुढं केलं. आणि माजघराच्या मधोमध दोरी बांधून त्या दोरीवर धोतर टाकलं. धोतराच्या आत जाऊ, बाहेर डॉक्टर.

नाडीसाठी तिचा हात धोतराखालून बाहेर घेतला. डॉक्टरांनी नाडी बघितली. म्हणाले, "पोट हातानं बघावं लागेल."

"ते न्हाई जमायचं," सासरे म्हणाले. "आमच्यात सुना परक्या माणसाम्होरं येत न्हाईत. तुम्ही काय ते विचारा, थोरली सांगंल."

मी परक्यापुढं आलेली चालत होतं. मी दोन लेकरांची आई, नाकापर्यंत पदर ओढलेली, माझ्याकडं बघण्यासारखं काही उरलं नाही असं घरानं ठरवलेलं. आणि जाऊ नवी, म्हणून सासऱ्यांसमोर तिनं तोंड उघडायचं नाही. पोट तिचं, ती दोन हातांच्या अंतरावर पडलेली, शुद्धीत होती, आणि तिच्या पोटाबद्दल बोलायचं मी. घरातली सगळ्यात मुकी बाई. हे तेव्हा कुणाला चमत्कारिक वाटलं नाही. मलाही नाही.

"दुखतंय नेमकं कुठं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी धोतराच्या आत गेले. तिच्या पायांशी बसले आणि पोटावर बोटं दाबत गेले. एका जागी ती किंचाळली. मी ती जागा डोळ्यांत धरली, बाहेर आले, आणि माझ्या पोटावर, पातळावरून, हात ठेवला. बोलले नाही. परक्या पुरुषापुढं 'पोट' हा शब्द माझ्या तोंडातून आला नसता.

"इथं? नक्की?"

मी मान हलवली.

"मग बरं आहे," डॉक्टर मोकळा श्वास घेत म्हणाले. "उजवीकडं असतं तर मी आत्ताच्या आत्ता बेळगावला न्या म्हणालो असतो. डावीकडं म्हणजे मळ अडकलाय. एरंडेल द्या, पोट साफ झालं की उठून बसेल."

ते गेले. सासूबाईंनी एरंडेल कोमट करायला सांगितलं. मी वाटी निखाऱ्यावर धरून आत डोकावले तर जाऊ डोकं भिंतीकडं वळवून पडली होती. तिच्या नाकातली चमकी मला दिसली. चमकी डाव्या नाकपुडीत. आणि तिनं पोटाशी घेतलेला पाय चमकीच्या बाजूचा नव्हता. दुसरा होता.

मी स्वतःच्या चमकीला हात लावला. मघाशी मी हात ठेवला होता तो माझ्या चमकीच्या अंगाला.

मी तिच्या पायांशी तोंडाकडं तोंड करून बसले होते. तिची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला आली. बाहेर येऊन मी डावा हात डाव्या बाजूला ठेवला. बस्स एवढंच. मी वाटी खाली ठेवली आणि बाहेर सोप्यावर, पुरुषांच्या बैठकीकडं, गेले. सासऱ्यांशी मी आपण होऊन कधी बोलले नव्हते. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. माझे यजमान तिथंच बसून पानाला चुना लावत होते.

"मामा," मी म्हणाले. "बाजू चुकली. उजवीकडं हाय."

"काय?"

"दुखणं. उजवीकडं हाय. मी डावी दाखवली. डॉक्टरना परत बोलवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग यजमानांकडं बघून हसले. "आता ही डॉक्टर झाली. अगं बाजूनं काय व्हतंय? पोट ते पोट. औषध काय डाव्या वाटंनं जाऊन उजव्याला इसरतंय?"

"डॉक्टर म्हणालं की उजवीकडं असतं तर बेळगावला..."

"म्हणालं. आणि आता टांगा माघारी फिरवून मी त्याला सांगू, आमच्या सुनांना डावं-उजवं कळत न्हाई म्हणून? साऱ्या निपाणीत हसं करायचं हाय का? जा, औषध द्या तिला."

यजमानांनी मान वर केली नाही. चुना लावून पान दुमडलं आणि तोंडात घातलं. त्यांना मी वर्षानुवर्षं दोन वेळचं जेवायला वाढते. तो चुना लावणारा अंगठा मी विसरलेले नाही.

मी काय केलं ते लिहायला हवं. मी आत आले, सासूबाई उशाशी बसल्या होत्या, आणि मी एरंडेल दिलं. वाटी माझ्या हातात होती. जाऊ म्हणाली, "आक्का, ह्यानं बरं वाटंल न्हवं?" मी मान हलवली. डॉक्टरांपुढं हलवली होती तशीच.

दुपारी तिचं दुखणं एकदम थांबलं. तिनं पाय सरळ केला, पाणी मागितलं. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. सासरे सोप्यावरून मोठ्यानं म्हणाले, "बघा! म्हणं उजवीकडं!" मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. मला वाटलं, बरं झालं, मी आणखी गडबड केली नाही.

दिवस मावळायच्या आत तिचं पोट फळीसारखं कडक झालं. बोट लावलं तरी ती डोळे पांढरे करायची. ताप असा की कपाळावर हात ठेववेना. ओठ काळे पडले. आता सासऱ्यांचं तोंड उतरलं. सकाळच्या पहिल्या मोटारीनं आम्ही तिला बेळगावला नेलं, दोन बाकांवर आडवी घालून, तिचं डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती दातांत पदर धरायची. ज्या वाटेनं काल सकाळी न्यायची होती त्याच वाटेनं नेत होतो, एक आख्खा दिवस उशिरा. लोंढ्याला तार केली होती, दीर दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि आपल्या वडिलांना एवढंच विचारलं, "कवापासनं?" सासरे पायऱ्या चढून पुढं गेले.

तिथं बाई डॉक्टर होत्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. लुगडं बाजूला केलं, चार बोटं पोटावर ठेवली, लगेच उचलली आणि कानडीत नर्सला काहीतरी म्हणाल्या. तासाभरात जावेला ऑपरेशनला आत नेलं. तोवर बाई सासऱ्यांना म्हणाल्या, "जगेल असं सांगत नाही. प्रयत्न करते."

पहिले पाच दिवस ती जगते का जाते हे कुणीच सांगत नव्हतं. पोटात रबराची नळी घातली होती, तिच्यातून घाण यायची. मी खाटेशी बसून होते. सहाव्या दिवशी तिनं मला ओळखलं. त्या दिवशी बाई खाटेशी आल्या तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाला आपण होऊन प्रश्न विचारला. मी म्हणाले, "पहिल्या दिवशी बेंबीपाशी का दुखत होतं?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. शिक्षण किती विचारलं. मी चार बोटं दाखवली. मग त्यांनी कागद घेतला आणि चित्र काढलं. मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं त्याला बोटभर शेपटी असते, उजवीकडं खाली. बकऱ्यात मी ती कधी बघितली नव्हती. मी तसं म्हणाले तर त्या म्हणाल्या, बकऱ्याला ती नसतेच. ती सुजली की सुरुवातीला जागा कळत नाही. आतड्याच्या नसांना जागा सांगता येत नाही, त्यांची खबर पाठीच्या कण्यात जिथं पोचते तिथं बेंबीभोवतालच्या चामड्याचीही खबर पोचते, म्हणून माणसाला वाटतं बेंबीच दुखते आहे. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग त्या अस्तराच्या नसा बोट ठेवावं तशी नेमकी जागा सांगतात.

"म्हणजे दुसऱ्या दिवशी ती खरं सांगत होती," मी म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी तिचं पोट ओरडून सांगत होतं," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी शिरा काढल्या. लहान आतड्याला कमानीतून रक्त मिळतं, एक वाट अडली तर दुसरीकडून येतं. ते मला ठाऊक होतं, ओढ्यात बघितलं होतं. पण ह्या शेपटीला एकच बारीक शीर. सूज आली, ती दबली, की रक्त बंद. मांस मरतं, कुजतं, फुटतं. जुलाबाचं औषध दिलं की आतडी जोरानं आवळतात आणि ते लवकर फुटतं. दुपारी जे दुखायचं थांबलं ते फुटल्यामुळं. आम्ही देवापुढं साखर ठेवली ती त्याच घटकेला.

सासरे तेव्हाच आत आले. बाईंनी त्यांना विचारलं, "एरंडेल कुणी दिलं? जागा उजवीकडची होती."

सासरे म्हणाले, "आमच्या थोरलीनं बाजू चुकीची दाखवली हो. अडाणी बाई. काय करणार?"

मी तिथं होते. कागद माझ्या हातात होता. मी बोलले नाही.

चूक माझी होती, ती मी कुणाच्या अंगावर टाकत नाही. पण मी चूक सांगायला चौकटीपाशी गेले होते, आणि तेव्हा डॉक्टरांचा टांगा वेशीच्या आत होता. ती चूक मघाची होती, एका हाकेनं सुधारली असती. पुढची माझी नव्हती. आणि हा माणूस दोन्हींचं गाठोडं बांधून माझ्या डोक्यावर ठेवत होता आणि मी ते घेऊन उभी होते. बाईंनी फक्त विचारलं, "आणि पडदा कुणी लावला होता?" त्यावर ते म्हणाले, "रीत हाय." बाई पुढच्या खाटेकडं गेल्या.

जाऊ महिन्यानं घरी आली, दोन माणसांच्या आधारानं चालत. काठीसारखी झाली होती. एका दुपारी, सासूबाई शेजारी गेल्या असताना, मी तिला सगळं सांगितलं. पायांशी बसल्याचं, चमकीचं, सोप्यावरचं, एरंडेलाचं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा 'जाऊ दे आक्का' म्हणेल. मी त्याचीच वाट बघत होते, हे कबूल करते.

ती उठून बसली. "मग मला का इचारलं न्हाईस?"

"काय?"

"बाहीर जायच्या आधी. 'डावीकडं का उजवीकडं' एवढं मला इचारायचं. मी काय मेले हुते व्हय? डॉक्टर डावीकडं म्हणालं ते मी आत आयकलं. आयकलं मी! मला वाटलं आरडून सांगावं, उजवीकडं हाय म्हणून. पण मामा बसलेत. मग म्हणलं, आक्काला कळतंय, आक्का सांगंल."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तू बोलंना म्हणून मी तुला हसत हुते," ती म्हणाली. "आता हसायला येत न्हाई. जा, माझ्याम्होरं बसू नगस."

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. माझा सगळा राग सासऱ्यांवर होता, यजमानांवर होता, त्या म्हातारीच्या मुठीवर होता, आणि तिचा राग सरळ माझ्यावर आला तेव्हा मला कळलं की तिला ऐकू जात होतं आणि मी तिला विचारलंच नव्हतं. मीही तिला दुखणाऱ्या पोटासारखंच धरलं होतं. दाबून बघायचं आणि बाहेर येऊन दुसऱ्याला सांगायचं.

त्या पावसाळ्यात सासऱ्यांचे पाहुणे आले. सोप्यावर बैठक बसली. आत आम्ही दोघी भाकऱ्या करत होतो. सासरे गोष्ट सांगत होते, रंगवून, की धाकट्या सुनेची बेंबी सरकली होती, थोरलीनं डॉक्टरला भलतंच दाखवलं, पण देवाची कृपा आणि आपण वेळेवर बेळगावला नेलं.

जावेनं थापत असलेली भाकरी परातीत सोडली. पिठाच्या हातानं दारापर्यंत गेली. पदर डोक्यावर घेतला, पुढं ओढला नाही.

"वेळेवर न्हाई नेलं, मामा," ती म्हणाली. "आक्कानं त्याच घडीला येऊन सांगितलं हुतं. तुम्ही म्हणला, पोट ते पोट."

माझे यजमान खाली बघत होते. सासऱ्यांचं तोंड लाल झालं. मी तव्यावरची भाकरी करपू दिली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.  

"आणि बाजू मी चुकवली हुती," मी म्हणाले. "ते बी खरं हाय. दोन्ही सांगा. अर्धं सांगू नगा."

एका पाहुण्यानं खाकरून विचारलं, "पोरीला आता बरं हाय न्हवं?"

सासऱ्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जाऊ त्यांच्याकडं न बघता पाहुण्याला म्हणाली, "मला इचारा की. मी हितंच हाय. अजून दुखतंय, पाऊस आला की, उजवीकडं."